पायांची आग आणि बिनलेबलची पुडी : एका माळकरी मधुमेही शेतकऱ्याचे प्रकरण

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातील एका गावातले आहे. रुग्ण व कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. ज्यांना सगळे गाव आबा म्हणते, त्यांना येथेही आबाच म्हटले आहे. मी आयुर्वेदाची पदवीधर असून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. आहार, वनौषधी आणि पूरक गोळ्या घरोघरी किती विश्वासाने घेतल्या जातात हे मी रोज पाहते आणि तो विश्वास मला मोलाचा वाटतो. म्हणूनच या प्रकरणातील प्रत्येक निर्णय कोणत्या क्षणी आणि कशाच्या आधारावर घेतला गेला, हे सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटले.

पार्श्वभूमी

आबांचे वय 58. घरची कोरडवाहू शेती, खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत ज्वारी. गोठ्यात दोन म्हशी. तरुणपणीच गळ्यात तुळशीची माळ घातल्यामुळे मांस, मासे, अंडी वर्ज्य. महिन्याच्या दोन्ही एकादशा नेमाने. मधुमेहाचे निदान होऊन नऊ वर्षे झाली होती. तेव्हापासून मेटफॉर्मिन सुरू होते आणि गेली काही वर्षे त्याची मात्रा दिवसाला 2000 मिलिग्रॅम होती. दोन वर्षांपूर्वी त्यात साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड या दुसऱ्या गोळीची, 2 मिलिग्रॅमची, भर पडली. याशिवाय ‘गॅसची गोळी’ म्हणून पॅन्टोप्राझोल ते रोज सकाळी घेत. ती कोणी, कधी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती, हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवली की गोळ्या मिळत आणि चिठ्ठीवरची तारीख कोणी पाहत नसे.

जेवण आपल्याकडचे नेहमीचे होते: दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा येसर आमटी, ठेचा, कारळाची चटणी, हंगामात अंबाडी, पाथरी, घोळ अशा रानभाज्या. घरात दूध भरपूर असले तरी दोन्ही वेळचे दूध संकलन केंद्रावर जाई आणि उरलेले नातवाला मिळे. ‘दुधाने साखर वाढते’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे आबांनी दूध सोडून कोरा चहा धरला होता. अंडी-मासे न खाणाऱ्या माणसाला ब जीवनसत्त्व 12 मिळण्याचा जवळजवळ एकमेव नैसर्गिक मार्ग म्हणजे दूध, दही, ताक. तोच नेमका बंद झाला होता.

अडचण

सुमारे वर्षभर आबांच्या तळपायांची आग होत होती. त्यांच्याच शब्दांत, ‘रातच्याला पायावर गोधडी बी सहन व्हईना, अन् सकाळी चप्पल पायातून निसटली तरी कळत न्हाई.’ एका खासगी दवाखान्यात ‘हे साखरेमुळे होते’ असे सांगण्यात आले. ते चूक नव्हते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बाधित होतात आणि लक्षणेही अशीच असतात. मात्र ते उत्तर मिळाल्यावर दुसरे कारण शोधण्याचे सगळ्यांनीच थांबवले.

त्यातच गावातील एका आरोग्य शिबिरात त्यांचे हिमोग्लोबिन 10.8 निघाले. पुरुषांमध्ये ते 13 च्या खाली असल्यास रक्तक्षय समजला जातो. सुनेच्या बाळंतपणातील लोह व फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या घरात शिल्लक होत्या. त्या आबांना सुरू झाल्या. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन 11.4 झाले आणि घरच्यांना समाधान वाटले. पायांची आग मात्र वाढतच गेली.

तिसरी गोष्ट आठवडी बाजारातली. तेथे बसणाऱ्या एका विक्रेत्याकडून आबांनी ‘शुगर मुळापासून घालवणारे’ चूर्ण आणले. गुडमार, जांभळाचे बी, मेथी, कारले असे घटक त्याने तोंडी सांगितले. पुडीवर काहीही छापलेले नव्हते. पंधरा दिवसांत उपाशीपोटीची साखर 190 वरून 120 च्या आसपास आली. त्यानंतर एके दुपारी शेतात त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. उन्हाचा त्रास समजून ते घरी येऊन पडून राहिले. पायांमुळे त्या वर्षी पंढरीची वारी चुकली होती. आषाढी एकादशीला त्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे गोळ्या आणि चूर्ण घेतले, भगर दुपारी उशिरा खायची म्हणून काहीही खाल्ले नाही आणि साडेअकराच्या सुमारास मंदिरात ते असंबद्ध बोलू लागले. त्यांना उपकेंद्रात आणले तेव्हा साखर 52 होती.

पहिला निर्णय : एकादशीच्या दिवशी

70 च्या खालची साखर कमी समजली जाते आणि 54 च्या खाली गेल्यास धोका गंभीर असतो. आबा शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी साखर 74 झाली. येथे अनेकदा समाधान मानून रुग्णाला घरी पाठवले जाते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा प्रभाव सुमारे दिवसभर टिकतो, त्यामुळे केवळ साखरपाण्यावर आलेली सुधारणा तास-दोन तासांत मावळू शकते. पोटात खरे अन्न जाणे गरजेचे होते आणि आबा उपवास मोडायला तयार नव्हते.

त्या क्षणी उपवासाच्या योग्यायोग्यतेवर बोलण्यात अर्थ नव्हता. उपवासाला चालणारेच अन्न मागवले: साखर घातलेले दूध, केळे आणि थोड्या वेळाने शेंगदाण्याच्या आमटीबरोबर भगर. आबांनी ते घेतले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी फोनवर बोलणे झाल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड तूर्त थांबवण्यास सांगितले. संध्याकाळपर्यंत दर तासाला आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासली. ती पुन्हा 70 च्या खाली गेली नाही.

दुसरा निर्णय : घरातले सगळे एका जागी आणणे

आबा गेली अनेक वर्षे एकादशी करत होते आणि ग्लिमेपिराइडही दोन वर्षे चालू होते, तरी असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. म्हणजे अलीकडे काहीतरी बदलले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सूनबाईंना विनंती केली की आबांच्या तोंडात जाणारे, जेवण सोडून, जे काही घरात आहे ते सगळे पिशवीत घालून आणावे. ‘औषधे आणा’ असे म्हटले असते तर फक्त डॉक्टरांच्या गोळ्या आल्या असत्या. काढा, चूर्ण आणि मुलाने पाठवलेले डबे यांना घरात कोणी औषध म्हणत नव्हते.

पिशवीतून मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पॅन्टोप्राझोल निघाले. सुनेच्या लाल गोळ्या निघाल्या. बाजारातल्या चूर्णाची अर्धी पुडी आणि कोरोनाच्या काळापासून रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या काढ्यासाठी वाळवलेली गुळवेल निघाली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने ऑनलाइन मागवून पाठवलेल्या मल्टिव्हिटॅमिन, स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) व ओमेगा-3 कॅप्सूल आणि प्रोटीन पावडरचा एक डबा हेही होते. स्पिरुलिनाच्या बाटलीवर शाकाहारी लोकांसाठी ब-12 चा स्रोत असल्याचा दावा होता.

प्रत्येक वस्तू कोणी, कशासाठी, कधीपासून आणि दिवसातल्या कोणत्या वेळी सुरू केली, हे एका कागदावर लिहिले. तो कागद पूर्ण झाल्यावर गोष्टी उलगडू लागल्या. मेटफॉर्मिन दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील ब-12 चे शोषण मंदावते. पॅन्टोप्राझोलने जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील प्रथिनांपासून ब-12 सुटे होण्यास ते आम्लच लागते. त्यात आहार शाकाहारी आणि दूधही बंद. तीन कारणे एकाच दिशेने काम करत होती. लाल गोळ्यांतील फॉलिक ॲसिडने चित्र आणखी झाकले होते, कारण ब-12 च्या कमतरतेतील रक्तक्षय फॉलिक ॲसिडने काही अंशी सुधारतो, नसांची हानी मात्र थांबत नाही. हिमोग्लोबिन सुधारत असताना पाय बिघडत जाणे याच्याशी जुळत होते.

स्पिरुलिनाबद्दल येथे थोडे थांबावे लागेल, कारण माळकरी घरांमध्ये ही गोष्ट माहीत असणे गरजेचे आहे. स्पिरुलिनामध्ये ब-12 सारखा दिसणारा जो पदार्थ असतो, त्याचा बराचसा भाग माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. शेवग्याची पाने, अंबाडी, कारळ, जवस यांत पुष्कळ गुण आहेत, परंतु ब-12 नाही. ब-12 हे जीवाणूंकडून तयार होते आणि माणसाला ते दूध, अंडी, मांस, मासे किंवा मुद्दाम घातलेल्या पूरकांतूनच मिळते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता नसांच्या दुखण्याची गोळी देऊन पायांची आग शमवण्याचा. आराम मिळाला असता, पण कारण तसेच राहिले असते. दुसरा पर्याय तपासणी न करता ब-12 ची इंजेक्शने सुरू करण्याचा. लक्षणे इतकी जुळत असताना तो अयोग्य नव्हता आणि तपासणीची सोयच नसेल तेथे मी त्यालाही हरकत घेणार नाही. मात्र एकदा इंजेक्शन दिले की रक्तातील पातळी वाढते आणि मुळात कमतरता होती की नाही हे नंतर ठरवता येत नाही. येथे आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराचा प्रश्न असल्याने, खर्च जाणवणारा असूनही, कुटुंबाने आधी तपासणी करण्याचे ठरवले.

चूर्णाविषयीचा निर्णय अधिक अवघड होता. आबांच्या दृष्टीने त्या चूर्णाने काम केले होते. साखर खरोखर उतरली होती. गोळी बंद करून चूर्ण चालू ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. मेथीतील विरघळणाऱ्या तंतूंमुळे साखरेचे शोषण मंदावते आणि गुडमाराचाही साखरेवर काही परिणाम होतो, हे मान्य. परंतु पंधरा दिवसांत इतकी मोठी घट आणि त्यानंतरचे दोन प्रसंग पाहता दुसरी शंका घेणे भाग होते. मधुमेहावरील वनौषधींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत साखर कमी करणाऱ्या ॲलोपॅथिक गोळ्यांची भेसळ आढळल्याची उदाहरणे देशात आणि परदेशात नोंदलेली आहेत. या पुडीत तशी भेसळ होती असे म्हणण्यास पुरावा नव्हता, आणि नव्हती असे म्हणण्यासही नव्हता.

आबांशी मी आयुर्वेदाच्याच अंगाने बोलले. औषधाला द्रव्य, मात्रा, काल आणि अनुपान (ते कशाबरोबर घ्यायचे) ठरलेले असते. ज्या पुडीत कोणते द्रव्य किती आहे हेच माहीत नाही, तिला शास्त्रातले औषध म्हणता येत नाही. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर घटक, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. अन्नपूरकावर 14 अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक असतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने बंदी आहे. हे सगळे ऐकून घेतल्यावर आबांनी पुडी बंद करण्याचे मान्य केले. अट एकच, की साखर वाढली तर त्याचा विचार आम्ही करावा. ती अट रास्त होती.

कृती

धोक्याच्या गोष्टी त्याच दिवशी बंद झाल्या: चूर्ण, सुनेच्या लाल गोळ्या आणि गुळवेलीचा काढा. गुळवेलीबद्दल घरात नाराजी होती. गुळवेल दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याचे 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेऊन, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असे म्हटले होते. आबांच्या यकृताच्या चाचण्या सामान्य आल्या. तरीही ज्या कारणासाठी काढा सुरू केला होता ते कारण आता उरले नव्हते आणि गुळवेल साखरही कमी करू शकते, म्हणून तो थांबवणेच योग्य ठरले.

तपासणीत ब-12 ची पातळी 148 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आली. 200 च्या खाली कमतरता मानतात. लाल पेशींचा सरासरी आकार 104 होता, म्हणजे सामान्य 100 च्या वरच्या मर्यादेपलीकडे. पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्कची (कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याची) थरथर जाणवत नव्हती आणि तळव्याच्या काही ठिकाणी मोनोफिलामेंटचा (स्पर्श तपासण्याच्या बारीक नायलॉन धाग्याचा) स्पर्श कळत नव्हता. मूत्रपिंडाचे काम ठीक होते.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिशियननी नसांची लक्षणे लक्षात घेऊन इंजेक्शनचा मार्ग निवडला: 1000 मायक्रोग्रॅम, दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्यातून एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा. मोठ्या मात्रेची गोळीही अनेकांना पुरेशी ठरते, कारण तिचा अगदी लहानसा, सुमारे एक टक्का भाग नेहमीच्या मार्गाशिवायही शोषला जातो. परंतु नसा बाधित असताना सुरुवात इंजेक्शनाने करणे अधिक सुरक्षित समजले गेले. मेटफॉर्मिन बंद केले नाही. ते आबांसाठी उपयुक्त औषध होते आणि त्याची ही बाजू इंजेक्शनाने भरून निघत होती. पॅन्टोप्राझोल महिन्याभराने, आधी एक दिवसाआड करत, थांबवण्यात आले. उपाशीपोटीचा कोरा चहा आणि रात्रीचा ठेचा सुटल्यावर त्याची गरज फारशी भासली नाही.

मुलाने पाठवलेल्या डब्यांचा प्रश्न सगळ्यात नाजूक निघाला. ओमेगा-3 कॅप्सूलच्या बाटलीवर मांसाहाराची तपकिरी खूण होती. आत माशाचे तेल होते. ती खूण घरात कोणी पाहिली नव्हती. माळ घातलेल्या माणसाला हे कळणे म्हणजे मनाला मोठा धक्का, आणि मुलाने तर ती बापाच्या काळजीपोटी पाठवली होती. त्यामुळे मुलाला आधी फोनवर सांगितले आणि आबांना त्यानेच सांगावे असे ठरवले. त्याने सांगितले, आबा दोन दिवस गप्प राहिले आणि नंतर स्वतःच म्हणाले की लेकराच्या मनात पाप नव्हते. मुलाने अंडी सुरू करण्याचा विषयही काढला होता. त्याचा आग्रह मी धरला नाही. अंड्याशिवाय उपचार होत असताना माणसाच्या व्रताला हात लावण्याचे कारण नव्हते.

त्याऐवजी म्हशीचे अर्धा लिटर दूध घरात ठेवण्याचे ठरले, काही दूध म्हणून आणि बाकीचे दही-ताक म्हणून. एका ग्लास दुधातून सुमारे 1 मायक्रोग्रॅम ब-12 मिळते आणि प्रौढ माणसाची रोजची गरज 2 ते 2.5 मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याने जुनी कमतरता भरून निघणार नव्हती, पण पुढची घसरण कमी होणार होती. भाकऱ्या तीनवरून दोनवर आल्या आणि त्यांची जागा मोड आलेली मटकी, मूग, हरभऱ्याची उसळ यांनी घेतली. ज्वारी चांगली असली तरी तीही पिष्टमयच आहे, हे आबांना नव्याने कळले. प्रोटीन पावडरची गरज उरली नाही. जवसाची चटणी रोजच्या ताटात आली. तिच्यातील ओमेगा-3 चे शरीरात माशाच्या तेलासारख्या रूपात फार थोडे रूपांतर होते, हे मुलाला स्पष्ट सांगितले. मेथीदाणे स्वयंपाकातील प्रमाणात चालू राहिले. शेतात अनवाणी जाणे बंद झाले आणि रात्री तळपाय पाहण्याचे काम आजींनी आपल्याकडे घेतले.

परिणाम

चूर्ण आणि ग्लिमेपिराइड दोन्ही बंद झाल्यावर उपाशीपोटीची साखर अपेक्षेप्रमाणे चढली आणि तिसऱ्या आठवड्यात 178 झाली. आबांच्या अटीचा मान राखून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅमने पुन्हा सुरू केले, आणि एकादशीच्या दिवशी ते घ्यायचे नाही असे लिहून दिले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए1सी आधी 7.2 होते, ते 7.6 झाले. कागदावर ही पिछेहाट दिसते. परंतु आधीच्या 7.2 मध्ये साखर कोसळण्याचे दोन प्रसंग मिसळलेले होते. त्यानंतर एकही प्रसंग घडला नाही. ही अदलाबदल आम्ही जाणूनबुजून स्वीकारली आणि आबांनाही ती समजावून सांगितली.

हिमोग्लोबिन चार महिन्यांत 13.1 वर आले आणि लाल पेशींचा आकार 92 झाला. पायांची आग दोन महिन्यांनंतर कमी होऊ लागली. रात्री गोधडी सहन होऊ लागली. अंगठ्यांचा बधिरपणा मात्र गेला नाही. त्यातला किती भाग ब-12 चा आणि किती मधुमेहाचा, हे आता वेगळे करता येणार नाही. नसांची हानी बराच काळ राहिली की ती पूर्ण भरून निघतेच असे नाही.

वेगळे काय करता आले असते

शिबिरातच वेगळा मार्ग धरता आला असता. 58 वर्षांच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन 10.8 निघाले तर लोहाची गोळी देण्याआधी कारण शोधायला हवे. कमतरता लोहाची असेल तर या वयात पोटातील रक्तस्रावाचा विचार करावा लागतो. लोहाची नसेल तर गोळीने काहीच साधत नाही. लाल पेशींचा आकार दाखवणारी साधी रक्तगणना त्याच दिवशी झाली असती तर निदान काही महिने आधी झाले असते. त्याहून मागे जायचे तर, मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्या शाकाहारी रुग्णाची ब-12 तपासणी लक्षणांची वाट न पाहता ठरावीक काळाने व्हायला हवी. आमच्या उपकेंद्राच्या मधुमेहाच्या नोंदवहीत आता त्यासाठी रकाना आहे, आणि ‘घरात आणखी काय घेता’ यासाठीही.

चूर्णाच्या बाबतीत एक संधी हातची गेली. पुडी बंद करण्याचे ठरताच ती मोहोरबंद करून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसह द्यायला हवी होती. घरच्यांनी रागाच्या भरात ती उकिरड्यावर टाकली आणि विक्रेता पुढच्या बाजारात दिसला नाही. त्याच्याकडून पुड्या नेलेली गावात आणखी तीन घरे निघाली. आशाताईंनी त्या घरांत जाऊन साखर तपासली, पण त्यांच्याकडेही पुडी उरलेली नव्हती.

एक प्रश्न अजून खुला आहे. महिन्याच्या इंजेक्शनासाठी दरवेळी उपकेंद्रात येणे आबांना सुगीच्या दिवसांत जड जाते, म्हणून ते गोळीवर जाता येईल का असे विचारतात. फिजिशियननी सहा महिन्यांनी पातळी पाहून ठरवू असे सांगितले आहे. कार्तिकी एकादशी आबांनी गोळीविना, भगर सकाळी नऊच्या आत खाऊन आणि दुपारी एकदा साखर तपासून पार पाडली. त्या दिवशी ती 118 होती.